गाडीला अर्थ नाही!

दिवाळी अंकासाठी लिहायला बसावे आणि लेखाखाली पत्ता म्हणून ‘दिवाळे’ असे घालावे लागावे, हा योग फार थोड्या लेखकांच्या नशिबी येत असेल. माझ्या नशिबी तो आला आहे. बेलापूरच्या खाडीकाठी दिवाळे नावाचे कोळ्यांचे जुने गाव आहे आणि त्याच्या अगदी शेजेला आमची इमारत आहे. 1970 साली सिडको स्थापन झाली, आसपासच्या 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. पण गावे आपली नावे आणि आपल्या गल्ल्या सांभाळून इमारतींच्या मधोमध तशीच राहिली. त्यामुळे पुण्याची एखादी मावशी लग्नात भेटून “सध्या कुठे असता?” असे विचारते, आणि “दिवाळ्यात” हे उत्तर ऐकताच तिचा चेहरा सहानुभूतीने भरून येतो. “व्हायचंच गं, महागाई किती झाली आहे!” असे म्हणून ती माझ्या पानात आणखी एक जिलबी वाढायला सांगते. मी तिचा गैरसमज दूर करीत नाही. जिलबी चांगली असते.

तरीही दिवाळे निघण्याच्या वाटा अनेक आहेत, आणि त्यांपैकी एक मोटारीच्या बॉनेटखालून जाते. ती वाट फार थोड्यांना ठाऊक असते. तिच्या तोंडाशी एक पंखा बसलेला आहे. आज मी त्या पंख्याविषयी लिहिणार आहे. मराठी शिकवणाऱ्या बाईने मोटारीच्या पंख्यात नाक खुपसावे, हे ज्यांना रुचणार नाही त्यांना एवढेच सांगते की शेवटी प्रश्न अर्थाचाच निघाला. आणि अर्थ हा आमच्या खात्याचा विषय आहे.

आधी पंख्याची जन्मकथा. ज्यांनी अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी जवळून पाहिली आहे त्यांना आठवत असेल की त्या गाड्यांचा पंखा इंजिनालाच पट्ट्याने जोडलेला असे. इंजिन फिरले की पंखा फिरणार, इंजिन मंदावले की पंखाही मंदावणार. यात अडचण अशी की गाडी सुसाट धावत असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरवर आपोआप आदळतो, पंख्याची फारशी गरजच नसते. आणि गाडी चढावर किंवा गर्दीत रखडते, वारा थांबतो, तेव्हा नेमका पंखाही सुस्तावतो. म्हणजे पोट भरलेल्याला आग्रह आणि भुकेल्याला उपवास! जुन्या बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे-पलीकडे बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि पाण्याचे डबे घेऊन धावणारे कुटुंबप्रमुख हे जे दृश्य आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे, त्यात या पट्ट्याचाही वाटा होता.

पुढे इंजिने आडवी बसू लागली. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, तिचे इंजिन आडवे होते. इंजिन आडवे आणि रेडिएटर समोर, म्हटल्यावर पट्ट्याने पंखा फिरवणे अवघड. मग पंख्याला स्वतःची विजेची मोटर मिळाली आणि तो इंजिनाच्या तालावर नाचायचा थांबला. पाणी साधारण 95 ते 100 अंशांपर्यंत तापले की तो सुरू होतो आणि काही अंश निवले की बंद होतो. गरज असेल तेव्हा उठावे, नसेल तेव्हा स्वस्थ बसावे. घरातल्या मंडळींना जे वर्षानुवर्षे सांगून जमत नाही ते या पंख्याला उपजत येते.

पण जो आपल्या इच्छेने उठतो तो आपल्या इच्छेने न उठण्याचीही शक्यता असते. आमच्याकडे तेच झाले.

आमच्या सासूबाईंना आठवड्यातून तीनदा वाशीच्या एका रुग्णालयात डायलिसिससाठी न्यावे लागते. प्रत्येक खेपेला चार तास. सकाळी त्यांना पोहोचवायचे, कॉलेजात दोन तास घ्यायचे आणि दुपारच्या उन्हात त्यांना परत आणायचे, हा माझा क्रम. उपचारानंतर त्या पिळून काढलेल्या कपड्यासारख्या होतात. उकाडा मुळीच सोसत नाही. गाडी अकरा वर्षांची आहे, पण पाम बीच रस्त्यावर ती अजून तरुणासारखी धावते. या उन्हाळ्यात मात्र असे होऊ लागले, की धावताना सगळे ठीक, आणि वाशीत सिग्नलला उभी राहिली की उष्णतेचा काटा चढू लागे. एके दुपारी तर सिग्नललाच बॉनेटखालून फुस्स करून वाफ उठली. मी गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेल्या सासूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, “अगं, शिट्ट्या किती झाल्या? आता गॅस बंद कर.”

त्यांचा विनोद शास्त्राला धरून होता. मोटारीचे रेडिएटर म्हणजे प्रेशर कुकरच. झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांना उकळत नाही. थेट 115-120 अंशांपर्यंत दम धरते. म्हणूनच तापलेल्या गाडीचे ते झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच सगळे पाणी एकदम उकळून तोंडावर येते, आणि त्या भाजण्यापुढे कुकरची वाफ म्हणजे गुलाबपाणी. सासूबाईंना त्या दिवशी रिक्षातून घरी आणले. उन्हाच्या झळांनी घरी पोहोचेपर्यंत त्यांना दोनदा उलटी झाली. ह्यांनी त्या रात्री जेवताना एकच वाक्य उच्चारले: “पंखा बंद, म्हणजे आपण बंद.”

गोष्ट खरी होती. आजकालच्या इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे असते, आणि ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने प्रसरण पावते. इंजिन फार तापले तर ते डोके वाकते, मधले गॅस्केट जळते, पाणी तेलात आणि तेल पाण्यात जाते. मग येणारे बिल वाचून मालकाचेही डोके वाकते. गावाचे नाव सार्थ होते.

यानंतर गॅरेजांची वारी सुरू झाली. कोणाचेही नाव मी घेणार नाही, कारण तिघांचीही पद्धत इतकी सारखी होती की एकाचे नाव घेणे दुसऱ्या दोघांवर अन्याय होईल. पहिल्याने पंख्याच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीला लावून पाहिल्या. पंखा भरारा फिरला. “पंखा चांगला आहे, रिले गेलाय,” असे म्हणून त्याने रिले बदलला. दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी काटा पुन्हा वर. दुसऱ्याने थर्मोस्टॅट आणि उष्णता मोजणारा सेन्सर बदलला. आठवडा सुखाचा गेला. तिसऱ्याने हातात मीटर घेतला, पंख्याच्या जोडणीशी लावला, बारा व्होल्ट दिसतात असे मला अदबीने दाखवले आणि म्हणाला, “बघा मॅडम, करंट पूर्ण येतोय. म्हणजे पंख्याचीच मोटर वीक आहे. अख्खा सेट बदलावा लागेल.” पहिल्याच्या हाती भरारा फिरलेली मोटर तिसऱ्याच्या हाती अशक्त कशी झाली, हे मी विचारले. “चालू-बंद, चालू-बंद होते मॅडम,” असे उत्तर मिळाले. सेटची किंमत ऐकून मी गाडी तशीच घरी आणली आणि सासूबाईंसाठी रिक्षा ठरवली.

इथे ‘रिले’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण दोन बिलांत तो शब्द वाचूनही त्याची ओळख कोणी करून दिली नव्हती. पंख्याला 12 व्होल्टवर दहा-पंधरा अँपिअर वीज लागते. आपल्या घरातला छताचा पंखा 230 व्होल्टवर जेमतेम एक-तृतीयांश अँपिअर घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे बॉनेटखालचा हा पाहुणा किती खादाड आहे ते कळेल. एवढा प्रवाह नाजूक बटणातून नेला तर बटण जळेल. म्हणून मध्ये रिले बसवतात. त्याच्या आत तारेचे वेटोळे असते. अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाहाने त्याचे लोहचुंबक होते, ते एक पट्टी ‘टक’ करून ओढते, आणि त्या पट्टीतून पंख्याचा मोठा प्रवाह सुटतो. साहेबाने नुसती मान हलवावी आणि कपाट हमालाने उचलावे, तसे. रिलेच्या पायांवर बारीक आकडे असतात: 85 आणि 86 हे वेटोळ्याचे पाय, 30 वर बॅटरी येते आणि 87 वरून पंख्याकडे जाते.

हे यंत्र मोटारीच्या कितीतरी आधीचे आहे. तारायंत्राच्या काळात दूरवरून आलेला क्षीण संदेश पुढच्या तारेत ताज्या बॅटरीच्या जोरावर ढकलण्यासाठी ते वापरीत. नावही घोड्यांवरून आले: दमलेला घोडा सोडून नवा जोडायचा, म्हणजे रिले. आपल्याकडे यालाच डाक म्हणत. टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे किंवा माणसे ठेवून केलेली वाहतूक ती डाक. पत्रे तिच्यातून जात म्हणून पुढे पत्रांनाच डाक म्हणू लागले. तेव्हा पेशव्यांच्या जासुदाला रिले ठाऊक नव्हता असे कोणी म्हणू नये. फक्त त्याचा रिले दाणावैरण खात असे.

रिक्षाच्या खेपा सुरू होऊन आठ दिवस झाले असतील. दिवाळ्याच्या बाजारात ज्या मावशीकडून आम्ही बारा वर्षे मासळी घेतो, तिने सासूबाईंना रिक्षातून उतरवताना पाहिले. “गारी कुठं गेली?” एवढेच तिने विचारले, मीही एवढेच सांगितले. संध्याकाळी दारात तिचा थोरला भाऊ उभा! होड्यांची इंजिने दुरुस्त करण्यात त्याचे आयुष्य गेले आहे, आणि सारे गाव त्याला ‘दादूस’ म्हणते. हातात पक्कड, काचपेपरचा तुकडा आणि मोटारीच्या पुढच्या दिव्याचा एक जुना बल्ब. त्याला दोन लांब वायरी जोडलेल्या. मीटर नाही.

त्याने आधी बॉनेट उघडले नाही. आधी विचारले, “बाई, तापते कवा? उभी असताना का धावताना?” उभी असताना, असे मी म्हटले. “मंग पानी बरोबर हाय. वाऱ्याचा घोळ हाय.” एका प्रश्नात त्याने अर्धे इंजिन निर्दोष सोडले. धावताना तापणारी गाडी पाणी, पंप, थर्मोस्टॅट किंवा तुंबलेले रेडिएटर यांच्याकडे बोट दाखवते. उभी राहून तापणारी पंख्याकडे.

मग त्याने मला इंजिन सुरू करून एसी लावायला सांगितला. बहुतेक गाड्यांत एसी लागला की हा पंखा फिरलाच पाहिजे. पाणी तापण्याची वाट पाहत बसावे लागत नाही. बॉनेटखाली ‘टक’ असा आवाज झाला, पंखा हलला नाही. “रिले बोलला. म्हंजे हुकूम देनारा, घेनारा दोघं बरं हायत.” फ्यूज काढून पाहिला, तोही धड होता. मग पंख्याची जोडणी सोडवून त्याने आपला बल्ब तिथे लावला. बल्ब लागला, पण कसा, तर समईत तेल संपत आल्यासारखा, तांबूस. आता त्याने बल्बची एक वायर तिथेच ठेवली आणि दुसरी थेट बॅटरीच्या ऋण टोकाला टेकवली. बल्ब लख्ख पेटला.

दादूस उठला आणि मराठीच्या प्राध्यापिकेला उद्देशून म्हणाला, “बाई, गारीला अर्थ नाय.”

मी चमकले. वीस वर्षे मी मुलांच्या उत्तरपत्रिकांवर हाच शेरा लिहीत आले आहे. पण त्याला म्हणायचे होते ते निराळे. मोटारीत विजेच्या जाण्याला वायर असते. परतीसाठी गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरतात. प्रत्येक उपकरणाची काळी वायर जवळच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. त्या जोडालाच कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. जाणारी वाट स्वच्छ, पण परतीची वाट बुजलेली. म्हणून पंखा अडला. दादूसने काळ्या वायरीचा माग काढला. डाव्या दिव्यामागे, जिथे हात जेमतेम शिरतो, तिथे तो बोल्ट सापडला. वायरीच्या टोकावर हिरवट पूड, खाली गंजाची खपली. “खारा वारा,” तो म्हणाला. “आमचे होरीवर रोज हाच धंदा.” काचपेपरने पत्रा चकचकीत घासला, टोक घासले, बोल्ट आवळला, वरून ग्रीसचे बोट फिरवले. मी एसी लावला. पंखा असा उठला की मावशीने आणलेली कागदाची पुडी उडाली. काम वीस मिनिटांचे, खर्च शून्य. पैसे पुढे केले तर म्हणाला, “नट आवळायचं काय घ्यायचं?” चहा मात्र दोन कप घेतला.

चहा पिता पिता मी विचारले, की मीटरवर बारा व्होल्ट दिसले ते खोटे होते काय? खोटे नव्हते, आणि इथेच सारी गंमत आहे. ज्यांच्या इमारतीत पाण्याचे नळ जुने आहेत त्यांना ती चटकन कळेल. नळ गाळाने बुजला असला तरी तोटी बंद असताना आत दाब पूर्ण असतो. तोटी उघडून बादली लावली की खरी धार दिसते. मीटर हा मितभाषी पाहुणा. तो विजेचा एक थेंबही पीत नाही, म्हणून त्याला बुजलेल्या वाटेतूनही पूर्ण बारा व्होल्ट दिसतात. दिव्याचा बल्ब चार-साडेचार अँपिअर ओढतो, आणि त्या ओढीत जोडाचे पितळ उघडे पडते. हिशेब सोपा आहे. जोडात अवघा 0.2 ओहम रोध असला आणि 15 अँपिअर वाहू लागले, की 3 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि 45 वॅट उष्णता त्या टिचभर जागेत निघते. जोडणीचे प्लॅस्टिक वितळलेले दिसते ते यामुळेच. रोध याहून वाढला, की पंखा जागचा हलत नाही. गॅरेजवाल्यांच्या हातून वायरी हलल्या की जोड तेवढ्यापुरता लागे. म्हणून प्रत्येक बदललेला भाग दोन-चार दिवस गुणकारी ठरे.

दिवाळीला आता अनेक कुटुंबे गाडीत फराळाचे डबे भरून घाट चढतील. त्यांच्यासाठी चार गोष्टी. निघण्यापूर्वी घराशीच, बॉनेट उघडून, एसी लावा आणि पंखा फिरतो का पाहा. हात मात्र दूर ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो अचानक उठतो. फिरला नाही तर फ्यूज पाहा. जळला असेल तर तेवढ्याच आकड्याचा घाला. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे आगीला आवतण. रिलेची शंका असेल, तर त्याच आकड्यांचा आणि तशाच पायांचा हॉर्नचा रिले क्षणभर त्याच्या जागी लावून पाहता येतो. विकत घेण्याआधी निदान होते. उलट पंखा बंदच होत नसेल तर रिलेची पट्टी आत चिकटली आहे असे समजा. रात्रभरात बॅटरी रिकामी होईल. आणि वाटेत काटा चढलाच, तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावा. जीव नकोसा होईल, पण इंजिनाची उष्णता थोडी तरी तुमच्याकडे येईल. तरीही काटा उतरला नाही, तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि अर्धा तास चकल्या खा. झाकणाला हात लावू नका. कारागिराकडे गेलात, तर नवा भाग बसवण्यापूर्वी एकच विनंती करा: मीटर राहू द्या, बल्ब लावून दाखवा.

सासूबाईंना मी हे सारे सविस्तर सांगितले. त्यांनी ते डोळे मिटून ऐकले. त्यांचे आजारपण सुरू झाले तेव्हा “काही लागलं तर हाक मारा हं” असे म्हणून गेलेल्यांची त्यांनी बोटांवर मोजणी केली. दोन्ही हात पुरले नाहीत. “सगळे बारा व्होल्टचे,” त्या म्हणाल्या, “खोटं कोणी बोललं नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मावशीला भाऊबिजेला घरी बोलाव. आणि त्या दादूसलाही. ओवाळायला तुला भाऊ नाही ना इथे.”

पंखा आता सिग्नललाही फिरतो आहे. भाऊबिजेला किती पानांचा स्वयंपाक करायचा ते तेवढे मावशीला विचारायचे राहिले आहे; कोळीवाड्यात ‘दादूस आणि घरची मंडळी’ म्हणजे नक्की किती, याचा आकडा आमच्या कुकरला पेलायला हवा.